आकाशांतील धूळ कोठून येते?

फाल्गुन-चैत्रांतील चांदणें नसलेल्या रात्रीं, शहराच्या दिव्यांपासून दूर, संधिप्रकाश पुरता मावळल्यावर पश्चिम क्षितिजावर एक फिकट, शंकूच्या आकाराचा उजेड उभा दिसतो. त्यास राशिचक्रप्रकाश म्हणतात. पॅरिस येथें १६८३ सालीं कॅसिनी या ज्योतिर्विदानें त्याचे पद्धतशीर वेध घेतले आणि सूर्याभोंवतीं पसरलेल्या सूक्ष्म कणांवरून परावर्तन पावलेला तो सूर्यप्रकाशच होय, असें सांगितलें. तें खरें ठरलें. कणांचा उगम मात्र गूढच राहिला.

या प्रश्नास धार आली ती १९०३ सालीं. सूर्यप्रकाश शोषून तो पुन्हा बाहेर टाकणाऱ्या कणाची गति किंचित् मंदावते आणि तो घिरट्या घालीत सूर्याकडे ओढला जातो, हें पॉइंटिंग या इंग्रज शास्त्रज्ञानें दाखविलें. १९३७ सालीं रॉबर्टसन यानें सापेक्षतावादाच्या आधारें तें गणित निर्दोष केलें. या प्रवासास हजारों, फार तर कांहीं लाख वर्षें लागतात. सूर्यमालेचें वय तर ४५० कोटी वर्षांहून अधिक! अर्थात् आजची धूळ मूळची नव्हे. तिचा पुरवठा सतत चालू असला पाहिजे.

संशय मंगळ व गुरु यांच्या मधल्या लघुग्रहांवर येणें स्वाभाविक होतें. कांहीं लघुग्रहांच्या कक्षा परस्परांशीं इतक्या जुळतात कीं ते एकाच फुटलेल्या पिंडाचे तुकडे असले पाहिजेत, असें जपानी ज्योतिर्विद हिरायामा यांनीं १९१८ सालींच दाखविलें होतें. अशा समूहांस त्यांनीं कुलें म्हटलें. पुढें १९८३ सालीं ‘आयरास’ या उपग्रहानें उष्णतेच्या अदृश्य किरणांत आकाश न्याहाळलें, तेव्हां क्रांतिवृत्ताच्या दोन्ही अंगांस धुळीचे समांतर पट्टे आढळले. झोपाळा जसा दोन्ही टोकांशीं क्षणभर रेंगाळतो, तसे तिरप्या कक्षेंतील कण वरच्या व खालच्या सीमेशीं अधिक काळ राहतात; म्हणून पट्टे जोडीनें दिसतात. त्यांचा तिरपेपणा हिरायामांच्या कुलांशीं जुळला.

पण जुळणी पुरेशी नव्हती. तीं कुलें फार पुरातन. त्यांच्या जन्मकाळची धूळ केव्हांच सूर्यांत गेली असणार. मग तुकड्यांच्या कक्षा गणितानें मागें नेऊन त्या कोणत्या काळीं एकत्र येतात तें पाहण्यांत आलें. २००२-०३ मध्यें दोन तरुण कुलें हातीं लागलीं: कॅरिन, वय सुमारें ५८ लाख वर्षें, आणि व्हेरिटस, सुमारें ८३ लाख वर्षें. पट्ट्यांची धूळ आज मुख्यतः यांच्याकडे लावली जाते.

पट्टे लघुग्रहांचे असले, तरी सगळा उजेड त्यांचा नव्हे. २०१० सालच्या गणितानुसार राशिचक्रप्रकाशाची बहुतेक धूळ गुरूच्या प्रभावाखालील धूमकेतूंची आहे. लघुग्रहांचा वांटा दशांशाहूनहि कमी.

व्हेरिटसची साक्ष मात्र पृथ्वीवरच निघाली, आणि तीहि समुद्राच्या गाळांत, ही मौजेची गोष्ट खरी. अवकाशांतील कणांत सूर्याकडून आलेला हेलियम-३ वायु मुरलेला असतो. सुमारें ८२ लाख वर्षांपूर्वींच्या समुद्रतळाच्या थरांत त्याचें प्रमाण एकाएकीं वाढलेलें २००६ सालीं आढळलें. दीडशें किलोमीटरहून मोठा एक लघुग्रह तेव्हां फुटला होता. त्याची धूळ पृथ्वीवर पडत पडत ओसरण्यास सुमारें १५ लाख वर्षें लागलीं.