नझर मोहम्मद : अठरा मोसम, आठ संघ

बास्केटबॉल म्हटलं की आपल्या मुलांच्या तोंडी मायकेल जॉर्डन नाहीतर लेब्रॉन जेम्स. पण एनबीएच्या संघात पंधराएक खेळाडू असतात, आणि त्यातले बहुतेक जण वेगळ्याच कामाचे. त्यांना तिकडे 'रोल प्लेयर' म्हणतात. क्रिकेटमध्ये धावा रोखून धरणारा गोलंदाज असतो ना, तसंच काहीसं. आम्ही त्याला 'कामाचा गडी' म्हणू.

नझर मोहम्मद हा असाच कामाचा गडी. जन्म १९७७चा, शिकागोतला. वडील मूळचे घानाचे. उंची सहा फूट दहा इंच. केंटकी विद्यापीठात आला तेव्हा अंगानं इतका जड होता की आधी वजन उतरवावं लागलं. पुढे १९९६ आणि १९९८ साली केंटकी राष्ट्रीय विजेता ठरला, दोन्ही वेळा नझर संघात होता.

१९९८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याचा नंबर २९वा लागला. पहिल्या फेरीतला तो शेवटचाच. ही गोष्ट छोटी वाटते, पण पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पक्का करार मिळतो, दुसऱ्या फेरीतल्याला त्याची हमी नसते. निवड युटानं केली, खेळायला मात्र गेला फिलाडेल्फियाला. तिथे बहुतेक वेळ बेंचवरच गेला.

'ट्रेड' ही भानगड पालकांनी समजून घ्यायला हवी. संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात, आणि बहुतेकांना त्यात विचारतही नाहीत. फोन आला की बॅग भरायची, बायकामुलं मागाहून. फेब्रुवारी २००१मध्ये नझरला अटलांटाला पाठवलं, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फिया अंतिम फेरीत पोहोचला! पण अटलांटात त्याला खेळायला वेळ मिळाला आणि तो काय करू शकतो ते दिसलं. २००४मध्ये न्यूयॉर्क, फेब्रुवारी २००५मध्ये सॅन अँटोनिओ. या वेळी नसीब उलटं फिरलं : टिम डंकनच्या जोडीला सेंटर म्हणून तो सुरुवातीच्या पाचांत उतरला आणि डेट्रॉइटला सात सामन्यांत हरवून संघ विजेता झाला.

त्याचं काम काय होतं? प्रतिस्पर्ध्याला पाठीनं अडवून रिबाउंड घ्यायचा. स्वतः आडवं उभं राहून साथीदाराला नेम धरायला जागा करून द्यायची. मोठ्या सेंटरचे धक्के खायचे. यातलं अर्धं काम गुणफलकावर येतच नाही. कारकिर्दीत त्याची सरासरी सामन्यामागे सहा गुणांच्याही आतच राहिली.

२००६ साली डेट्रॉइटनं सुमारे तीन कोटी डॉलरचा पाच वर्षांचा करार दिला. बेन वॉलेसची जागा भरायची होती. पण मोसमाच्या मध्यावर क्रिस वेबर आला आणि नझर परत बेंचवर. पुढच्या वर्षी शार्लट, २०११मध्ये ओक्लाहोमा सिटी. तिथून २०१२ची अंतिम फेरी, मायामीकडून हार. मग तीन मोसम शिकागोत, म्हणजे घरीच. २०१३च्या प्लेऑफमध्ये लेब्रॉनला ढकलल्याबद्दल मैदानाबाहेर काढला गेला, तेव्हा मात्र त्याचं नाव जगभर झालं. इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर बातमी झाली ती त्या धक्क्याची, हे आम्हाला जरा खटकतंच.

२०१५मध्ये करार संपला, पुढचा मोसम जवळपास सगळा संघाविना गेला. मार्च २०१६मध्ये ओक्लाहोमानं परत बोलावलं. वय ३८, तरी शरीर तयार ठेवलं होतं. तो त्याचा अठरावा आणि शेवटचा मोसम.

नंतर त्याच संघटनेत तो नवे खेळाडू हेरायचं काम करू लागला आणि पुढे तिच्या दुय्यम संघाचा, ओक्लाहोमा सिटी ब्लूचा, जनरल मॅनेजर झाला. एनबीएच्या दारात ताटकळणारी पोरं तिथेच खेळतात.