शिकणाऱ्याचं ताट

लेक कॉलेजसाठी शहरात गेली की फोनवर आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जेवलीस का?" अभ्यासाचं आपण नंतर विचारतो. शिकायला घर सोडलेल्या मुलांच्या पोटाचं पूर्वी काय होत होतं, ते आज सांगते.

पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण विद्यार्थी 'वार लावून' जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार आणि सात घरं. कुणी माधुकरी मागत. त्यात आवडनिवड नावाची गोष्ट नव्हती. पुढ्यात येईल ते खायचं, वाढतील तेव्हा खायचं. मीठ कमी पडलं तरी मागायचं कुठल्या तोंडानं? एखादा वार लागला नाही तर त्या दिवशी उपासच.

पण ही सोयसुद्धा एका जातीपुरती होती. माळ्याच्या, मराठ्याच्या, महाराच्या पोराला वार कोण देणार? शाळेचं दार एक वेळ उघडलं असतं, स्वयंपाकघराचं नाही. पंगतीत जागा नाही म्हणून शिक्षण नाही, असा तो हिशेब.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ही गोम ओळखली. १९०१ साली त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं. पुढे एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही. मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय झाली, पण पंगती वेगवेगळ्याच राहिल्या.

बाबासाहेब आंबेडकर १९२० साली लंडनला शिकायला परत गेले, तेव्हा एका बाईच्या घरी भाड्यानं राहत. सकाळी तिथं मिळणारा नाश्ता अगदी जेमतेम, दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. रात्री अभ्यास करता करता भूक लागे. ओळखीच्या माणसानं दिलेले पापड ते पत्र्यावर भाजून खात, वर कपभर दूध. बचत गटात पापड लाटताना ही गोष्ट जरूर आठवा.

पंगत मोडली ती साताऱ्यात. १९२४ साली भाऊराव पाटलांनी तिथं बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. दळणं, भाकरी भाजणं, भांडी घासणं, सगळं मुलांच्या हाती. आपल्याकडे पोरगा चुलीपाशी बसला तर आजही कुणीतरी हसतं, तिथं शंभर वर्षांपूर्वी तो रोजचा पाठ होता. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव मिळालं.

नाव भाऊरावांचं झालं, आणि ते योग्यच आहे. पण रोज संध्याकाळी कोठीत धान्य किती उरलंय हे बघणारी बाई लक्ष्मीबाई. त्या सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या, तरी सगळ्या जातींच्या मुलांना त्यांनी पोटाशी धरलं. दागिने एकेक करून बोर्डिंगवर खर्च झाले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना धान्य संपलं. मुलं उपाशी. लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि धान्य आणवलं. त्या काळात सवाष्णीनं असं करणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. १९३० साली त्या गेल्या. साताऱ्याचं कॉलेज निघालं १९४७ साली. 'कमवा आणि शिका' म्हणत तिथं शिकलेल्या पोरांना त्यांच्या हातची भाकरी मिळाली नाही.

आता मुली कॉट बेसिसवर राहतात. खोलीत गॅस लावायचा नाही अशी घरमालकिणीची अट, म्हणून मेस. रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद, मग वडापाव किंवा मॅगी. महिनाअखेरीला एकच डबा दोघींत. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि लाडू पहिल्या आठवड्यातच संपतात, कारण मैत्रिणीही त्यावरच असतात. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्यांचं थोडं बरं. त्यांची आई चारला उठते, भाकरी-भाजी बांधते, डब्यावर नाव घालते आणि पहिल्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात देते.