तंजावरचे शिखर आणि हवेतील पाणी

इ. स. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या उत्तुंग शिखरावर एक अवजड यंत्र दोरांनी चढविण्यात येत होते. विल्यम लॅम्बटन यांच्या भूमापनाचा हा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे कोन मोजण्याचे चक्र वाकले. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे स्वतः खपून ते दुरुस्त केले. तंजावरच्या गादीवर तेव्हा सरफोजीराजे होते. याच मंदिराच्या भिंतीवर त्यांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला होता.

मंदिराचे शिखरच का हवे होते? कावेरीचा हा प्रदेश सपाट आणि झाडीने भरलेला. दूरची खूण दिसण्यास उंची हवी. परंतु खूण दिसली तरी हवेच्या थरांतून येणारा प्रकाशकिरण किंचित वाकतो, आणि तेवढी दुरुस्ती गणितात करावी लागते. भूमापकाच्या दृष्टीने हवा हा एक अडथळाच होय. लॅम्बटन मोजणी करीत उत्तरेकडे सरकले आणि १८२३ साली वर्धेजवळील हिंगणघाट येथे निवर्तले.

पुढे भूमापनाच्या खुणा मंदिरांवरून आकाशात गेल्या. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहांच्या संदेशावरून आता स्थान ठरते. येथेही हवा आडवी येतेच. माथ्यावरून येणाऱ्या संदेशाला कोरडी हवा सुमारे २.३ मीटर अंतराइतका विलंब लावते. हवेच्या दाबावरून तो नेमका काढता येतो. बाष्पामुळे होणारा विलंब मात्र काही सेंटिमीटरांपासून सुमारे चाळीस सेंटिमीटरांपर्यंत चंचलपणे बदलतो.

१९९२ साली मायकेल बेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्नच उलटा मांडला. ग्राहकयंत्राची जागा अचूक ठाऊक असेल, तर उरलेला विलंब हवेतील बाष्पच सांगेल! साडेसहा मिलिमीटर विलंबामागे सुमारे एक मिलिमीटर पाणी, असा हा हिशेब. हवामानखात्याचे फुगे बहुधा दिवसातून दोनदा सुटतात. हे मापन रात्रंदिवस, ढगांआडूनही चालते.

तंजावरच्या भातशेतीला याचे मोल मोठे. तिची भिस्त कावेरीच्या पाण्यावर आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसावर. बंगालच्या उपसागरावरून किती बाष्प येत आहे, हे वेळीच कळले तर अतिवृष्टीचा अंदाज अधिक नेमका होतो. भूमापकांनी जी चूक म्हणून वजा केली, तीच आज शेतकऱ्याच्या कामी येत आहे.