नावांचे स्थलांतर : ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ आणि वैविध्याचा प्रश्न

निसर्ग, संस्कृती आणि भाषा यांच्या वैविध्यांत आंतरिक नाते आहे, हा विचार १९८८ च्या बेलेम घोषणेपासून अभ्यासक्षेत्रात स्थिरावला आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा नकाशा पुढे केला जातो. विषुववृत्ताच्या आसपास जेथे जीवजातींची दाटी, तेथेच भाषांचीही दाटी. एकट्या पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा. परंतु दोन गोष्टी एकाच जागी आढळतात, एवढ्यावरून त्यांचा परस्परसंबंध सिद्ध होत नाही. डॅनियल नेटल यांनी १९९९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, वर्षाचा बराच काळ पीक देणारी भूमी लहान लहान समूहांना स्वयंपूर्ण ठेवते आणि त्यामुळे त्यांच्या भाषा वेगळ्या राहू शकतात. म्हणजे एकाच भौगोलिक कारणाची ही दोन फळे असू शकतील. नकाशा संबंधाची शक्यता दाखवितो. तो संबंध कसा घडतो आणि कसा तुटतो, हे इतिहासच सांगू शकतो. त्यासाठी येथे एका ग्रंथाचे उदाहरण घेतले आहे.

‘हॉर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. कोचीचा डच प्रशासक हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारातील सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे, वर्णने आणि औषधी उपयोग त्यात संकलित करविले. ग्रंथ ऱ्हीडच्या नावावर असला, तरी त्यातील ज्ञान कोणाचे, हे पहिल्याच खंडात नोंदलेले आहे. करप्पुरम येथील इट्टी अच्युतन या ईळव वैद्याचे प्रमाणपत्र मल्याळमच्या तत्कालीन कोलेळुत्तु लिपीत आहे. रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचे प्रमाणपत्र नागरीत. दोन्हींचा काळ एप्रिल १६७५. कोचीच्या कोंकणी समाजाचे पूर्वज गोव्यातून तेथे गेलेले, आणि हा मजकूर नागरीतून मुद्रित झालेल्या कोंकणीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी एक. त्यामुळे आपल्या भाषिक इतिहासाशीही या ग्रंथाचे थेट नाते आहे.

ग्रंथाची घडण पाहिली, तर वैविध्य हा येथे केवळ विषय नव्हता, ती कार्यपद्धतीही होती, असे म्हणावे लागते. अच्युतनने मल्याळममध्ये सांगावयाचे, मानुएल कार्नेरो या दुभाष्याने ते पोर्तुगीजमध्ये उतरवावयाचे, पुढे ते डचमध्ये आणि अखेरीस लॅटिनमध्ये जावयाचे. चित्रांवर वनस्पतीची नावे रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी लिप्यांत कोरलेली दिसतात. कोचीसारख्या बंदरात वैद्य, व्यापारी आणि सत्ताधारी यांच्या भाषा भिन्न होत्या; एका नावाची खातरजमा दुसऱ्या भाषेतील नावाने करणे ही तेथील व्यवहाराची निकड होती.

असाच अनेक आवाजांचा ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला होता. गार्सिया द ओर्ता याच्या औषधिद्रव्यांवरील पोर्तुगीज ग्रंथाचे रूपच संवादाचे आहे. मलूपा नावाचा हिंदू वैद्यही त्यात बोलतो. १५६७ मध्ये क्लुसियुसने त्याचा लॅटिन संक्षेप केला, तेव्हा संवाद गळाला आणि माहिती तेवढी उरली. साहित्यप्रकार बदलला की ज्ञानाचे स्वामित्वही बदलते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

मलबारच्या ग्रंथाबाबत हेच कार्य लिनियसच्या नामपद्धतीने केले. ग्रीक अथवा लॅटिन मूळ नसलेली प्रजातिनामे त्याने १७३७ मध्ये ‘रानटी’ ठरवून त्याज्य मानली. मात्र १७५३ च्या आपल्या वनस्पतिकोशात त्याने ऱ्हीडच्या चित्रांचा आधार वारंवार घेतला. चित्र स्वीकारले, नाव नाकारले. वस्तुतः त्या नावांत स्वतःची वर्गीकरणदृष्टी होती. ‘चेत्ती’ आणि ‘बेम्-चेत्ती’ अशा जोडीत मूळ शब्द गण सांगतो आणि ‘पांढरी’ या अर्थाचे विशेषण भेद सांगते. आपल्याकडील पांढरा कुडा, तांबडा कुडा, काळा कुडा ही नावे याच रीतीची आहेत. वनस्पतिशास्त्र पांढऱ्या कुड्याला इतर दोहोंपासून वेगळ्या प्रजातीत घालते, पण तिघांनाही एकाच कुलात ठेवते. म्हणजे बोलीने पाहिलेले साम्य भ्रामक नव्हते. फक्त तिची विभागणी पान, फूल, साल आणि उपयोग यांच्या नित्य परिचयातून आलेली होती.

फ्रेंच अभ्यासक मिशेल आदाँसाँ याने १७६३ मध्ये लिनियसच्या उलट भूमिका घेऊन अनेक स्थानिक नावे राखली. त्यांपैकी ‘मनिल्कारा’ हे ऱ्हीडच्या ग्रंथातील मल्याळम नाव आज मेक्सिकोतून आलेल्या चिकूच्या प्रजातीस लागलेले आहे, आणि त्यापुढील ‘झपोटा’ हा शब्द तेथील नाहुआत्ल भाषेतला. डहाणू-घोलवडच्या वाडीत चिकूचे कलम बांधले जाते ते खिरणीच्या खुंटावर. खिरणीही त्याच प्रजातीची. एका झाडात दोन खंडांच्या भाषा आणि दोन भूमींची झाडे एकत्र आली आहेत. तरीही ‘मनिल्कारा’ म्हणताना मलबारच्या किनाऱ्यावरील कोणत्या माणसाने, कोणत्या गरजेपोटी हा शब्द वापरला असेल, याची आठवण जागी होत नाही. शब्द टिकला, त्याचे वाक्य हरवले.

या संदर्भात एका भाषेच्या पोटातील वैविध्याचाही विचार करावा लागतो. रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९५ मध्ये असे प्रतिपादन केले की, या ग्रंथाच्या मांडणीवर संस्कृत अथवा अरबी वैद्यकापेक्षा ईळवांच्या व्यावहारिक ज्ञानाचा ठसा अधिक आहे. या मताविषयी वाद होऊ शकेल. परंतु ज्ञान हे ‘मल्याळम’ अथवा ‘भारतीय’ अशा सरसकट नावाने वावरत नाही, जातीच्या व व्यवसायाच्या परंपरेतून वाहते, ही त्यामागील जाणीव महत्त्वाची आहे. अच्युतनच्या घराण्याची पोथी आज सापडत नाही. तिच्या आधारे सांगितलेले मात्र लॅटिनमध्ये सुरक्षित राहिले आणि के. एस. मणिलाल यांच्या अनुवादामुळे २००३ मध्ये इंग्रजीत, २००८ मध्ये मल्याळममध्ये आले. सव्वातीनशे वर्षांनी ज्ञान स्वभाषेत परतले, ते भाषांतर होऊन.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या शासकीय अंकीय ग्रंथालयाने परकीय पेटंटांना अडविण्याचे मोलाचे काम केले. पण त्याचा पाया संस्कृत, अरबी, फार्सी, उर्दू आणि तमिळ ग्रंथांचा आहे. जे कधी ग्रंथात आलेच नाही, त्याला तेथे साक्ष देता येत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने आलेल्या लोकनोंदवह्या ही उणीव काही अंशी भरून काढू शकतात. परंतु तेथेही स्थानिक नावाला एक रकाना मिळाला, एवढ्यावर समाधान मानले, तर लिनियसचाच मार्ग आपण अधिक सौजन्याने चोखाळू.

निसर्ग आणि भाषा यांना जोडणारा दुवा नामावलीत नसतो. तो नाव वापरणाऱ्यांच्या कामात आणि संभाषणात असतो. झाड तोडले की नाव निराधार होते, हे आपल्याला सहज कळते. झाड उभे असूनही त्याच्याविषयीचे बोलणे थांबते, तेव्हा काय नाहीसे होते, हे ओळखणे अधिक अवघड आहे. ते काम वनस्पतिशास्त्राइतकेच भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांचेही आहे. कारण प्रमाणपत्रे लॅटिन मजकुराच्या आधी वाचावयाची की नंतर, हा अखेर वाचनपद्धतीचा प्रश्न आहे.