फलाटावरचे मूक सैनिक

मुरुडच्या रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहताना मनात अनेकदा येते की, गावातील सर्वांत जास्त निरोप याच ठिकाणी दिले गेले असतील. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोहोचली आणि हा परिसर रुळांनी बाहेरच्या जगाशी जोडला गेला. ती नॅरोगेज गाडी जाऊन आता रुंद रूळ आले. फलाटाचा स्वभाव मात्र तोच राहिला. येथे माणसे भेटतात, दुरावतात आणि काही निरोप अखेरचे ठरतात. युद्धावर निघालेला तरुण घरच्यांना शेवटचा दिसतो, तो पुष्कळदा फलाटावरच.

हे जाणूनच की काय, ब्रिटनमधील कलावंतांनी एका युद्धस्मरणासाठी रेल्वे स्थानकांची निवड केली. १ जुलै २०१६ रोजी सकाळी कामाला निघालेल्या लोकांना स्थानकांवर पहिल्या महायुद्धातील खाकी गणवेशातले तरुण दिसू लागले. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर ते होते, तसेच इतर अनेक शहरांतील स्थानकांत, बाजारपेठांत आणि रस्त्यांवरही होते. पूर्वसूचना कोणालाच नव्हती. ते भाषण करीत नव्हते, काही मागतही नव्हते. कोणी जवळ जाऊन विचारपूस केली, तर सैनिक एक छोटी चिठ्ठी हातात देई. तिच्यावर एका मृत सैनिकाचे नाव, त्याची पलटण आणि ठाऊक असल्यास वय लिहिलेले असे. मधूनच ते सारे मिळून खंदकांतील शिपाई गात असत ते एक जुने गीत गात आणि पुन्हा गप्प होत. त्या गीताच्या शब्दांवरूनच या उपक्रमाचे नाव ठेवले होते : 'वुई आर हिअर बिकॉज वुई आर हिअर'.

कल्पना जेरेमी डेलर या कलावंताची होती. नॅशनल थिएटरचे तत्कालीन संचालक रुफस नॉरिस आणि देशभरातील नाट्यसंस्था यांच्या सहकार्याने ती साकार झाली. सुमारे १,४०० स्वयंसेवकांनी अनेक महिने गुप्तपणे तयारी केली होती. फ्रान्समधील सोमच्या लढाईला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण होत होती. १ जुलै १९१६ या एकाच दिवशी तेथे १९,२४० ब्रिटिश सैनिक ठार झाले होते.

स्मारकाकडे आपल्याला जावे लागते. येथे स्मारकच माणसांकडे चालत आले. मौनामुळे त्याचे नाटक झाले नाही. आकडा ऐकून मान हलवणे सोपे असते; पण हातात एक नाव पडले की पाऊल थबकते. आपल्या मिस्सात मृतांची नावे वाचली जातात, ती याच कारणासाठी.

मात्र चिठ्ठी देण्यासाठी आधी नाव ठाऊक असावे लागते. येथे आपला इतिहास मुका होतो. त्याच सोमच्या रणांगणावर १४ जुलै १९१६ रोजी 'डेक्कन हॉर्स' या घोडदळाने चढाई केली. हे घोडदळ निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंटमधून घडले होते. त्या कंटिंजंटची एक छावणी आपल्या शेजारच्या मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस होती. मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी लढल्या. कुत येथे सुमारे पाच महिने वेढ्यात उपाशी राहिल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली. पुढे कित्येकांना कैदेत मरण आले.

या आघाडीवरील मृतांसाठी १९२९ साली बसऱ्यास मोठे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली. पण साध्या भारतीय शिपायांची पलटणवार संख्या तेवढी नोंदली. महाराष्ट्रातील काही गावांतही त्या काळच्या संगमरवरी पाट्या आढळतात. गावातून किती जण महायुद्धावर गेले आणि किती कामी आले, हे त्यांवर लिहिलेले असते. ते कोण होते, हे लिहिलेले नसते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाची कबुली दिली व क्षमा मागितली. भारतीय, आफ्रिकी व इजिप्शियन अशा ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण समान रीतीने झाले नाही, असे त्या अहवालाने मान्य केले.

क्षमायाचना योग्यच आहे. परंतु हरवलेले नाव तिने परत येत नाही. ते शोधण्याचे काम घरांचे आणि गावांचे आहे. एखाद्या जुन्या पेटीत पदक असेल, पेन्शनचा कागद असेल, एखाद्या आजीच्या तोंडी 'लामवर गेलेल्या' चुलत्याची आठवण असेल. लामवर म्हणजे लढाईवर. तो शब्दही आता विस्मरणात चालला आहे. अशी नावे आपल्या मुलांनी वह्यांत उतरवून घ्यावीत. मग एखाद्या सकाळी आपल्याही फलाटावर ती मुले शांतपणे उभी राहू शकतील आणि गाडीची वाट पाहणाऱ्याच्या हाती एक चिठ्ठी ठेवतील. त्या चिठ्ठीवर संख्या नसेल, नाव असेल.