पदवीचे ऋण

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या सडकेवर, जामनेर तालुक्यात, पहूर हे गाव आहे. जळगाव तेथून सुमारे ४० किलोमीटर. परंतु ज्या काळी जळगावातच कॉलेज नव्हते, त्या काळी पहूरसारख्या गावच्या हुशार मुलाला मॅट्रिकपुढील विद्येसाठी नाशिक, पुणे अथवा मुंबई गाठावी लागे. मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. जळगावास मूळजी जेठा कॉलेज निघाले ते १९४० च्या दशकात आणि अमळनेरास प्रताप कॉलेज १९४५ साली. मधल्या काळात खानदेशातील गरीब शेतकऱ्याच्या मुलाला बुद्धीची वाण नव्हती. परक्या शहरी राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोठे, हाच त्याच्यापुढील मोठा प्रश्न होता.

पुण्यासारख्या शहरी या प्रश्नाचे एक उत्तर रूढ होते. सात घरी सात वार लावावेत, अथवा झोळी घेऊन माधुकरी मागावी, आणि मिळेल त्या ओसरीवर दिव्यापाशी अभ्यास करावा. या अन्नावर कित्येक जण शिकले व मोठे झाले, ही गोष्ट खरी. परंतु ती वाट सर्वांना मोकळी नव्हती. वार मिळे तो बहुधा ब्राह्मणाच्या मुलाला. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याने कोणाच्या घरी पान मांडून बसावे? विद्यार्थ्यांना मिळालेल्या साहाय्याचा इतिहास पाहताना कोणी दिले याबरोबर कोणाला मिळाले नाही, हेही श्रोत्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

शिकून संसारास लागलेला पदवीधर पुढे दुसऱ्याच्या मुलासाठी द्रव्य का देतो? कीर्तीसाठी म्हणावे, तर लहानशी मासिक वर्गणी देणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरले जात नाही. धनिकांच्या देणग्यांनी इमारती उभ्या राहतात, व त्यांचे मोल कमी नाही. श्रीमंत प्रतापशेट यांच्या औदार्यावाचून अमळनेरची विद्यामंदिरे उभी राहती ना. परंतु सामान्य पदवीधराच्या दानाचा उगम निराळा असतो. तो त्याच्या आठवणीत असतो.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण घ्यावे. वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली आणि १५ रुपयांच्या पगारातून महिना ८ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणास पाठविले. १८८४ साली गोपाळराव पदवीधर झाले. वकिलीची वाट खुली असता त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत, महिना ७५ रुपयांच्या अल्प वेतनावर, वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले व फर्ग्युसन कॉलेजासाठी वर्गणी मागत ते हिंडले. भावाचे रुपये भावाला परत करता येतात. परंतु त्या रुपयांपाठीमागे भावाचे जे शिक्षण अर्धवट राहिले, ते कसे परत करावे? तसले ऋण दुसऱ्यांची मुले शिकवूनच फिटण्याजोगे असते.

खुद्द खानदेशातही असे उदाहरण घडले. साने गुरुजी औंधास असताना हाताने स्वयंपाक करून शिकले. पुढे पदवी घेऊन १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडीपर्यंत तेथे राहिले. छात्रालयाचे काम त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या आवराव्यात, त्यांचे कपडे धुवावेत, अशी कामे ते गाजावाजा न करता करीत. त्यांचा पगारही गरजू मुलांसाठी खर्ची पडे. ज्याने चुलीचा धूर सोसला आहे, त्याला उपाशी मुलाचा चेहरा ओळखण्यास अर्ज लागत नाही.

परंतु आठवण गोडच असते असे नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. कराराप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढ्या विद्वानाला त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही, आणि त्यांना परत फिरावे लागले. विद्येसाठी द्रव्य मिळाले, परंतु माणूस म्हणून आसरा मिळाला नाही. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज उघडले आणि १९५० साली औरंगाबादेस कॉलेज सुरू केले. पहूरवरून जाणारी सडक अजिंठ्याचा घाट चढून त्याच शहरी, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पोहोचते. मागे आपण भोगले ते पुढच्याने भोगू नये, हीही दानाची प्रेरणाच होय, आणि कदाचित तीच अधिक बळकट.

वार देणाऱ्याच्या समोर बसून मुलगा मान खाली घालून जेवत असे. संस्था व फंड निघाले, तेव्हा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या दृष्टीआड झाले व घेणाऱ्याचा स्वाभिमान राखला गेला. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापिली, ती खेड्यांतून येणाऱ्या गरजू मुलांसाठी. तेथे विद्यार्थी श्रमही करतात. आणि तेथून शिकून गेलेले माजी विद्यार्थी मागून येणाऱ्यांचा भार उचलतात.

१९९० साली जळगावास विद्यापीठ झाले. २०१८ पासून ते बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करते. पहूरच्या मुलामुलींचे अंतर तुटले, परंतु फी, पुस्तके व खोलीचे भाडे ही चुकलेली नाहीत. शास्त्रकारांनी ऋषिऋण अध्ययनाने फेडावयास सांगितले, परंतु अध्ययनाचा अधिकारच थोड्यांना दिला. ते ऋण खऱ्या अर्थाने फेडण्याचे काम पदवीधरांकडे आले आहे. पदवीच्या कागदावर नाव एकाचेच असते. त्यामागे कोणाचे आठ रुपये, कोणाच्या घरचे अन्न, कोणाचे सुटलेले शिक्षण असते. ती न लिहिलेली नावे ज्याला वाचता येतात, तो आपल्या पगारातून कोणा अनोळखी मुलाची फी भरतो आणि त्याविषयी बोलत नाही.