वृद्धापकाळाची तजवीज



आजच्या विषयाचा आरंभ मी एका तारखेपासून करतों. ती तारीख म्हणजे एक जून. आपल्यापैकीं पुष्कळांचा जन्मदिवस कागदोपत्रीं हाच असेल. माझाही हाच आहे. आमच्या वेळचे आईबाप मुलाला शाळेंत घालावयास आणीत आणि जन्मतिथि विचारली असतां "पोळ्याच्या मागें-पुढें" किंवा "विहिरीला पाणी लागलें त्या सालीं" असें सांगत. शाळा जूनमध्यें सुरू व्हावयाची. मग गुरुजी मुलाकडे एकवार निरखून पाहत, सहा वर्षें मागें मोजीत आणि दाखलखारीज रजिस्टरांत एक जून लिहून मोकळे होत. पुढें मी स्वतः गुरुजी झालों, तेव्हां मींही खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांतून तेंच केलें. त्या वेळीं ती एक सोय वाटे. साठी उलटल्यावर मात्र ध्यानांत येऊं लागलें कीं, माणूस सरकारच्या लेखीं म्हातारा केव्हां होतो, हें अशाच एका ओळीवर ठरत असतें. देशांत वृद्धांची संख्या वाढत चालली असतां सरकारनें त्यांची तजवीज कशी करावी, ह्या प्रश्नाचा इतिहासही ह्या ओळीपासून फार दूर नाहीं.

ही अडचण आपल्याच देशाची, असें आपणांस वाटतें. तसें नाहीं. इंग्लंडच्या पार्लमेंटनें १९०८ सालीं वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गांठलेल्या गरीब स्त्रीपुरुषांस आठवड्याला पांच शिलिंगांपर्यंत रक्कम पोस्टांतून मिळूं लागली. आयर्लंड तेव्हां इंग्लंडच्याच राज्यांत होतें. तेथें सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ सालापासून सुरू झालेली. म्हणजे १९०९ सालीं सत्तर वर्षांच्या असलेल्या माणसाचा जन्म तींत सांपडणें शक्यच नव्हतें. मग म्हाताऱ्यांस विचारूं लागले कीं, ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीं झालेलें तें प्रचंड वादळ तुम्हांस आठवतें काय? आठवत असेल तर सत्तरी भरली. थोड्याच दिवसांत वादळ आठवणारे म्हातारे गांवोगांव निघाले आणि शिरगणतीवरून बांधलेल्या अंदाजापेक्षां पेन्शनदारांची संख्या कितीतरी अधिक भरली.

ह्या गोष्टीचें हसूं येतें. पण मला ती वाचतांना एक निराळीच आठवण झाली. दहा-बारा वर्षांपूर्वीं, मी शिकवीत होतों त्या गांवांतील एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांचा मुलगा आणि सून दसरा-दिवाळी झाली कीं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जात, ते पाडव्याच्या सुमारास परत येत. मधले पांच-सहा महिने घरीं ह्या बाई आणि दोन नातवंडें. रेशनकार्डावर त्यांचें वय बावन्न लागलें होतें आणि पगार, म्हणजे वृद्धांचें अनुदान, पासष्टीनंतर मिळावयाचा. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, रझाकार आले तव्हा म्या मायच्या कडंवर व्हते. आता तुमीच इशेब करा." मराठवाडा निजामाच्या राज्यांतून १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मुक्त झाला. तेव्हां त्या वर्षा-दोन वर्षांच्या असाव्यात, हें मला उमगलें. कचेरींतल्या कागदाला उमगेना. आयर्लंडच्या म्हातारीचें वादळ सरकारनें मानलें. आमच्या मावशींचे रझाकार कोणीं मानले नाहींत. डॉक्टरांकडून वयाचा दाखला, तहसिलींतून उत्पन्नाचा दाखला, असे खेटे घालतां घालतां दीड वर्ष निघून गेलें. पगार सुरू झाला. पण त्या दीड वर्षाचा पगार मावशींना कोणीं दिला नाहीं.

आतां थोडें मागें जाऊं. इंग्लंडच्याही आधीं ह्या प्रश्नाला जर्मनीनें हात घातला होता. बिस्मार्क चॅन्सेलर असतांना १८८९ सालीं तेथें वार्धक्य आणि अपंगत्व ह्यांच्या विम्याचा कायदा झाला. कामगारानें उमेदीच्या वयांत थोडी थोडी रक्कम भरावी, तितकीच मालकानें घालावी, त्यांत सरकारनें आपली भर टाकावी आणि सत्तरीनंतर त्यास पेन्शन मिळावी, अशी ती योजना. पुढें १९१६ सालीं हें वय पासष्टावर आणलें गेलें. इंग्लंडची १९०८ ची वाट निराळी. तेथें म्हाताऱ्यानें पूर्वीं कांहीं भरलेलें असावें अशी अट नव्हती. पैसा खजिन्यांतून येई, मात्र उत्पन्न थोडें असावें लागे. एक वाट उमेदींतल्या बचतीची, दुसरी सरकारी खजिन्याची. पुढें जगांत जे प्रयोग झाले, ते बहुधा ह्या दोहोंपैकीं एका वाटेनें, नाहींतर दोहोंच्या मिश्रणानें झाले.

आपल्याकडे सरकारी नोकराला पेन्शन इंग्रजी अमदानीपासून आहे. बाकीच्यांची पेन्शन म्हणजे पोटचा मुलगा. १९५१ च्या शिरगणतींत साठीपुढचे लोक साऱ्या देशांत सुमारें २ कोटी होते, म्हणजे शेंकडा साडेपांचाच्या आसपास. त्यामुळें ही समजूत निभावून गेली. १९५७ सालीं उत्तर प्रदेशानें वृद्धांस पेन्शन देण्याचा पहिला उपक्रम केला. महाराष्ट्रांत १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना आली आणि कालांतरानें वृद्धांसाठीं श्रावणबाळाच्या नांवाची योजना निघाली. केंद्र सरकारनें १५ ऑगस्ट १९९५ पासून पासष्टीपुढील निराधारांस दरमहा ७५ रुपये देऊं केले. २००६ सालीं त्यांचे २०० झाले आणि ऐंशीच्या आंतील वृद्धांसाठीं केंद्राचा हिस्सा त्यानंतर एका तपाहून अधिक काळ तेवढाच राहिला. महाराष्ट्रानें आपल्या योजनांतून मिळणारी रक्कम २०२३ सालीं १,००० वरून १,५०० रुपये केली, ही गोष्ट चांगलीच झाली. पण ती मिळण्यासाठीं उत्पन्नाची मर्यादा कित्येक वर्षें सालीना २१,००० रुपयांची ठेवण्यांत आली होती.

आणि ह्या योजनांच्या नांवांकडेही पाहावें. एकीचें नांव निराधार. दुसरीचें नांव श्रावणबाळ, म्हणजे मुलगा नसेल किंवा विचारीत नसेल, तर सरकार मुलाच्या जागीं उभें राहील, असा भाव. भाव उदात्त आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्याचा व्यवहारांतला अर्थ असा होतो कीं, जन्मभर दुसऱ्याच्या शेतांत राबलेल्या माणसानें म्हातारपणीं आपण कंगाल आहों, हें चार कागदांनीं सिद्ध करावें. मला असें कांहीं सिद्ध करावें लागलें नाहीं. १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं नोकरीस लागल्यामुळें मला जुनी पेन्शन आहे. माझ्यामागून आलेल्यांसाठीं अंशदानाची व्यवस्था आली आणि तीवरून मार्च २०२३ मध्यें राज्यभर संप झाला. संप करावयास संघटना तरी असावी लागते. कोयता हातीं धरणाऱ्याच्या म्हातारपणासाठीं कोणी संप केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

हक्कानें देणें महाराष्ट्राला ठाऊकच नाहीं, असेंही नव्हे. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यानें जो भोगला, तो आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांस आठवत असेल. त्याच सुमारास विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. त्यासाठीं पैसा उभा करावयाचा, म्हणून १९७५ सालीं व्यवसाय कर बसविला गेला. माझ्या पगारपत्रकांतून तो दरमहा कापला जाई. आम्ही शिक्षक त्याबद्दल कुरकुर करीत असूं. पण ती योजना नीट पाहिली म्हणजे तिचें शहाणपण कळतें. काम मागावयास आलेल्या माणसास "तूं गरीब असल्याचा दाखला आण" असें म्हणण्याची तींत सोय नव्हती. मागितलें कीं काम द्यावयाचें, हा कायदा. आणि त्यासाठीं लागणारा पैसा कोठून यावयाचा, तें आधींच ठरलेलें. पुढें २००५ सालीं देशानें अशा हमीचा कायदा केला, तेव्हां त्याच्यापुढें धडा होता तो महाराष्ट्राचा.

दुष्काळ केव्हां येईल हें कोणालाही सांगतां येत नाहीं. तरी त्याची हमी आपण कायद्यानें बांधली. म्हातारपण तर तारीखवार सांगतां येतें. २०११ च्या शिरगणतींत देशांत साठीपुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते, म्हणजे शेंकडा ८.६, महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा ९.९ भरलें. २०५० सालीं देशांतील सुमारें पांचांपैकीं एक माणूस साठीपुढचा असेल, असा लोकसंख्याशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पासष्टीपुढील लोकांचें प्रमाण शेंकडा ७ वरून १४ वर जाण्यास फ्रान्सला १८६५ पासून १९८० पर्यंत ११५ वर्षें लागलीं. जपानला तोच पल्ला १९७० नंतर सुमारें पाव शतकांत गांठावा लागला. आपली चाल फ्रान्सची नाहीं, जपानची आहे. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, असें आपण म्हणतों. आमच्या छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे जुन्या औरंगाबादेंत, मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं डोंगराकडचें पाणी जमिनीखालच्या नहरांतून शहरांत आणलें, तेव्हां शहराची वस्ती अजून वाढावयाची होती. तो नहर पुढें कित्येक पिढ्यांना पुरला.

तेव्हां सरकारनें काय करावें, तें मी माझ्या अल्प मतीप्रमाणें सांगतों. पहिली गोष्ट नोंदीची. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्याच्या आधीं जन्मलेले आणि नोंदींतून सुटलेले लोक आज म्हातारे होत आहेत. त्यांच्या वयाचा निर्णय सरकारनें आपण होऊन, गांवांत येऊन, एकदाच करून टाकावा. म्हाताऱ्यास कचेरीची पायरी चढावयास लावूं नये. २०२१ सालीं व्हावयाची शिरगणती पुढें ढकलली गेली. मोजल्यावांचून तजवीज होत नाहीं, हेंही ध्यानीं ठेवावें. दुसरी गोष्ट पैशाची. २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. तींत अठरा ते चाळीस वर्षांच्या माणसानें नेमानें पैसे भरावयाचे असतात. ज्याची सहा महिन्यांची कमाई उचल फेडण्यांत जाते, तो काय भरणार? त्याच्या नांवें कारखान्यानें उसाच्या टनामागें आणि सरकारनें कराच्या उत्पन्नांतून भर घातली पाहिजे. जर्मनीच्या मालकानें घातली तशी. तिसरी गोष्ट शुश्रूषेची. जपाननें २००० सालापासून वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा चालू केला आणि त्याची वर्गणी चाळिशीपासून घेण्यास आरंभ केला, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसास नुसते पैसे पुरत नाहींत, हात लागतात. ज्या गांवांतून तरणींताठीं माणसें सहा महिने बाहेर जातात, तेथें हे हात कोणाचे, हें सरकारनें आजच ठरवावें.

मीं १९८५ सालीं सहा वर्षांचा म्हणून जो मुलगा रजिस्टरांत लिहिला, तो १ जून २०३९ रोजीं साठ वर्षांचा होईल. त्यास त्या दिवशीं आपलें वय सिद्ध करावें लागणार नाहीं, कारण माझी ती ओळ, खरी असो वा खोटी, शाळेंत जपून ठेवलेली आहे. परंतु त्या ओळीपुढें दुसरी एखादी ओळ, त्याच्या नांवें जमा झालेल्या रकमेची, कोणीं लिहिली आहे काय? त्या मुलांतलीं कित्येक आज उसाच्या फडांत आहेत. अजून बारा-चौदा वर्षें हातीं आहेत. तीं गेलीं म्हणजे मग वादळें आणि रझाकार आठवीत बसण्याची पाळी पुन्हा येईल.